गावच्या बेसबॉल टीमचा इतिहास कसा खणून काढायचा

कॅन्ससमधल्या आमच्या गावाला एक धान्याचा एलिव्हेटर (धान्य साठवायचं उंच कोठार) आहे, दोन चर्च आहेत, एक पेट्रोल पंप आहे आणि एक दंतकथा आहे. १९३५ च्या उन्हाळ्यात म्हणे सॅचेल पेज हा बेसबॉलमधला नामांकित कृष्णवर्णीय पिचर (चेंडू टाकणारा) इथे येऊन पिचिंग करून गेला, आणि आमच्या टीमच्या डावखुऱ्या फर्स्ट बेसमनने त्याला ट्रिपल हाणला, म्हणजे एका फटक्यात तीन बेस गाठले. मी इथल्या लायब्ररीत अर्धवेळ काम करते. २०१७ मध्ये 'आपल्या जुन्या सेमी-प्रो टीमचं काहीतरी मांडू या' असं गावच्या म्युझियमवाल्यांनी ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मला तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. म्युझियम म्हणजे जुन्या बँकेतल्या दोन खोल्या, त्यामुळे कुणी फार अपेक्षाही ठेवली नव्हती.

अमेरिकेतल्या छोट्या गावांत राहणारी बरीच मराठी मंडळी हल्ली गावच्या अशा कामांत ओढली जातात. तुमच्यावर ही वेळ आली तर माझ्या चुका तरी तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी सेमी-प्रो म्हणजे काय ते डोक्यात पक्कं करा. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि रविवारी खेळल्याचे चार पैसे वेगळे, असा तो मामला. वॉल्टर जॉन्सन हा बेसबॉलमधला सगळ्यात मोठ्या पिचरांपैकी एक. त्याचा जन्म १८८७ चा, कॅन्ससच्याच हम्बोल्टजवळचा. १९०७ मध्ये वॉशिंग्टनच्या टीमने त्याला उचललं, तेव्हा तो आयडाहोतल्या वीझर नावाच्या गावासाठी खेळत होता आणि नोकरी टेलिफोन कंपनीत करत होता. म्हणजे पिचर हवा म्हणून गावातल्या कुणीतरी त्याला नोकरी लावायची, आणि कंपनीने रविवारकडे डोळा ठेवून ती द्यायची. मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवरच्या व्यावसायिक टीमांची आकडेवारी कुठेतरी एका जागी जमा झालेली सापडते. सेमी-प्रोचे आकडे बहुतेक वेळा कुणी कुणाला पाठवलेच नाहीत. ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आले आणि तिथेच राहिले. मोठमोठ्या आकडेवारीच्या साइटवर शोधत बसलात तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार?

इतिहासापासून सुरुवात करू नका, एका मॅचपासून करा

मी पहिले दोन महिने 'टीम कधी स्थापन झाली' याच्या मागे घालवले. हा प्रश्नच चुकीचा होता. अशा टीमांची स्थापना होत नसे. वसंतात कुणीतरी नऊ जण गोळा करी, दुसऱ्या वर्षी कुणी दुसरा. नावही प्रायोजकाप्रमाणे बदलायचं. एका वर्षी पिठाची गिरणी, पुढच्या वर्षी मोटारींचा दुकानदार. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कच्या प्रसिद्ध टीमला लोक 'चर्चिल्स' म्हणायचे, कारण ती चालवणाऱ्या नील चर्चिलचा गाड्या विकण्याचा धंदा होता. आमच्याकडे एकाच टीमची पाच नावं निघाली आणि मी बराच काळ त्या पाच टीमा समजत होते.

म्हणून तारीख पक्की असलेली एकच मॅच धरा. सगळ्यात सोपी ४ जुलैची. स्वातंत्र्यदिनाला बँड, भाषणं, पाई आणि बेसबॉल हे ठरलेलं असायचं. त्याखालोखाल ३० मेचा डेकोरेशन डे आणि सप्टेंबरचा लेबर डे. त्या तारखेनंतरचा अंक काढा, अकरा-बारा आडनावं मिळवा आणि तिथून मागेपुढे सरका.

अंक कुठे मिळतील? लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा साठा फुकट आहे, पण त्यात तुमचं साप्ताहिक असेलच असं नाही. आमच्या राज्यापुरतं सांगायचं तर टोपेकामधली कॅन्सस हिस्टॉरिकल सोसायटी १८७५ मध्ये पत्रकारांनीच काढली. त्यामुळे राज्यातली बहुतेक सगळी वर्तमानपत्रं तिच्याकडे मायक्रोफिल्मवर आहेत. रीळ तुमच्या गावात मागवता येतं का, ते आपल्या ग्रंथपालाला विचारा. मायक्रोफिल्मचं मशीन फिरवताना पहिल्या दिवशी गाडी लागल्यासारखं मळमळतं. आलं चघळा आणि रीळ हळू फिरवा.

डिजिटल अंकांत शोधताना एक मेख आहे. जुनी वर्तमानपत्रं 'बेस बॉल' असं दोन शब्दांत छापत. एकत्र शब्द घालून शोधलंत तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचं निम्मं हाती लागणार नाही. शिवाय टीमला 'नाइन' म्हणत, 'लोकल्स' म्हणत, नुसतंच 'बॉईज' म्हणत. खेळाडूचं पहिलं नाव क्वचितच असतं, आणि जर्मन आडनावाचं स्पेलिंग कंपोझिटरच्या त्या दिवशीच्या मूडवर असतं. आमच्या कॅचरचं आडनाव मी सात तऱ्हांनी छापलेलं पाहिलं आहे.

आणि नेहमी दोन्ही गावांची वर्तमानपत्रं वाचा. हरलेल्या गावाचं आधी. जिंकलेल्या गावाचा संपादक चाळीस ओळी लिहितो, पण त्यातल्या तीस ओळी कौतुकाच्या असतात. हरलेल्या गावाचा संपादक सहाच ओळी लिहितो, पण चिडून लिहितो, आणि चिडलेला माणूस खरी माहिती देऊन जातो. आम्ही ७-६ ने जिंकलेल्या एका मॅचबद्दल आमच्या साप्ताहिकात 'दैदीप्यमान' असं काहीबाही होतं. शेजारच्या गावाने मात्र लिहिलं होतं की अंपायर आमच्या पिचरचा मेव्हणा होता, आणि तो पिचर आमच्या गावचा नव्हताच. या दुसऱ्या गोष्टीकडे परत येते.

बॉक्स स्कोअरची उलटतपासणी

क्रिकेटचा धावफलक वाचता येणाऱ्याला बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या बातमीखाली छापलेला आकड्यांचा तक्ता, जड जात नाही. ॲट बॅट, रन, हिट, पुटआउट, असिस्ट, एरर असे रकाने असतात. यातला पुटआउटचा रकाना म्हणजे तुमचा हिशेबनीस. बेसबॉलमध्ये प्रत्येक आउट कुणा ना कुणा क्षेत्ररक्षकाच्या नावावर पडतोच. एका इनिंगला तीन आउट, म्हणून नऊ इनिंग पूर्ण खेळल्या असतील तर एका टीमच्या पुटआउटची बेरीज २७ यायला हवी. यजमान पुढे असल्यामुळे त्यांनी शेवटची अर्धी इनिंग घेतलीच नसेल, तर पाहुण्यांची बेरीज २४ येते. या दोन्हींपैकी काही जमलं नाही तर एक तर छपाईची चूक आहे, नाही तर मॅच जादा इनिंगमध्ये गेली आहे, नाही तर शेवटच्या इनिंगमध्ये दोन किंवा कमी आउट असताना जिंकणारी रन आली आहे, नाही तर मॅच पावसाने किंवा अंधाराने अर्ध्यावर थांबली आहे. १९३५ च्या वसंतातल्या आमच्या एका मॅचची बेरीज १५ आली. मी छपाईला दोष देऊन मोकळी झाले होते. मग पुढच्याच पानावर धुळीच्या वादळाची बातमी दिसली. पाच इनिंगनंतर समोरचा माणूस दिसेना, म्हणून सगळे घरी गेले होते.

खरा खजिना म्हणजे स्कोअरबुक. ते कुणाच्या तरी माळ्यावर असतं, आणि 'आमच्याकडे काही नाही हो' असं सांगणाऱ्याच्याच घरी असतं. आमचं एलिव्हेटरच्या ऑफिसात, वजनाच्या पावत्यांच्या खणात सापडलं. कापडी पाठीची वही, शिसपेन्सिलीने भरलेली, १९३७ आणि १९३८ हे दोन हंगाम.

ते वाचायला नऊ आकडे पाठ करा. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड ७, ८, ९. चौकोनात ६-४-३ लिहिलं असेल तर शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसमनकडे दिला, त्याने फर्स्टकडे, आणि दोघे आउट. के म्हणजे स्ट्राइकआउट, पिचरने बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद केलं. हे अक्षर हेन्री चॅडविक या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पत्रकाराने रूढ केलं. उलटं के म्हणजे बॅटर नुसता बघत राहिला आणि आउट झाला. आमच्या वहीत एका नावापुढे एकाच मॅचमध्ये तीन उलटे के आहेत. तिसऱ्यावर पेन्सिल इतकी दाबली आहे की मागच्या पानावर वळ उठलाय. स्कोअर लिहिणारा त्याचा सख्खा भाऊ होता, हे मला नंतर कळलं.

पण वहीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते समासाने. प्रत्येक पानाच्या कडेला बारीक हिशेब. 'टोपी १४.३५. बॉल २. पेट्रोल १.१०. लेफ्टी ५.' टोपी म्हणजे प्रेक्षकांत फिरवलेली टोपी. तिच्यात पडलेली चिल्लर हाच टीमचा गल्ला. तिकीट लावलं असेल तर '६०-४०' दिसेल, म्हणजे जिंकणाऱ्याला साठ टक्के. आणि हा लेफ्टी कोण, ज्याला पाच डॉलर मिळतात आणि बाकी आठ जणांना एक छदाम नाही?

भाड्याचा पिचर

हाच तो 'आमच्या गावचा नसलेला' पिचर. इंग्रजीत याला रिंगर म्हणतात. मोठ्या मॅचसाठी बाहेरून आणायचा, पैसे द्यायचे आणि यादीत 'स्मिथ' लिहायचं. आमच्या वहीत घरच्या मैदानावर लेफ्टी आणि परगावी स्मिथ, असा हा माणूस दोन हंगाम वावरतो. पुष्कळदा हे कॉलेजचे खेळाडू असत. पैसे घेतल्याचं उघड झालं तर हौशी खेळाडूचा दर्जा जायचा आणि कॉलेजचा खेळ बंद व्हायचा. जिम थॉर्पचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. १९१२ च्या ऑलिंपिकची त्याची दोन सुवर्णपदकं १९१३ मध्ये काढून घेतली गेली, कारण १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात तो पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. बिचारा स्वतःच्या खऱ्या नावाने खेळला, म्हणून सापडला.

असा माणूस शोधायचा तर खेळाचं पान सोडा आणि सरकारी कागद धरा. जनगणनेचे अर्ज ७२ वर्षांनी खुले होतात. १९४० चे २०१२ मध्ये झाले, १९५० चे २०२२ मध्ये. त्यात धंदा लिहिलेला असतो. पण १९४० ची गणना एप्रिलची आहे, आणि मेमध्ये येऊन सप्टेंबरमध्ये जाणारा पिचर त्यात तुमच्या गावात दिसणार नाही. त्यापेक्षा लष्करभरतीची नोंदणी कार्डं बघा. ऑक्टोबर १९४० पासूनच्या कार्डांवर मालकाचं नाव असतं, उंची आणि वजनही असतं. आमचा लेफ्टी मला तिथेच सापडला. सहा फूट दोन इंच, नोकरी तेलविहिरीवर, ऐंशी मैलांवरच्या गावात. पाच डॉलरसाठी तो एवढं अंतर यायचा, आणि पेट्रोलचे पैसे त्याच्या नावापुढे वेगळे लिहिलेले दिसत नाहीत म्हणजे ते त्याच पाचात होते.

फोटोंच्या बाबतीत मी कानाला खडा लावला आहे. त्याचं कारण असं. टीमचा एक झकास फोटो मिळाला, मागे काही लिहिलेलं नव्हतं. एका अंकातली नावं आणि फोटोतली माणसं डावीकडून उजवीकडे जुळवून मी पाटी तयार केली आणि उद्घाटनाला लावलीसुद्धा. एक बाई समोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे माझे वडील नाहीत. हा माझा काका आहे. वडील मागच्या रांगेत आहेत आणि त्यांना तुम्ही कोळशाचा व्यापारी केलंय." सगळ्यांसमोर. पाटी त्याच संध्याकाळी काढली.

तेव्हापासून कपडे आधी बघते, चेहरे नंतर. होम प्लेट, म्हणजे बॅटरच्या पायाशी जमिनीत बसवलेली पाटी, चौकोनी दिसली तर फोटो बहुधा १९०० च्या आधीचा, कारण त्या वर्षी ती पंचकोनी झाली. पाठीवर नंबर दिसला तर बहुतेक १९२९ नंतरचा, यँकीजनी त्या हंगामापासून ते कायमचे लावले. शर्टाला चेन असेल तर १९३७ च्या पुढे, ती टूम शिकागो कब्जनी आणली. बाहीवर १९३९ चा बेसबॉलच्या शताब्दीचा बिल्ला असेल तर सोन्याहून पिवळं. मात्र कपड्यांवरच्या या खुणा 'याआधीचा नाही' एवढंच सांगतात. छोट्या गावांत दुसऱ्यांचे उतरलेले युनिफॉर्म दहा-दहा वर्षं चालायचे.

म्हाताऱ्या माणसांशी बोलायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका आणि 'तुम्हाला काय आठवतं' असं विचारू नका. स्कोअरबुकच्या एका पानाची झेरॉक्स न्या. विचारा, गाडी कुणाची होती? बॉल हरवला तर शोधायला कोण पळायचं? युनिफॉर्म कोण धुवायचं? या शेवटच्या प्रश्नाने मला जे दिलं ते कुठल्या रिळात नव्हतं. २०१९ मध्ये ८८ वर्षांच्या एका आजींनी सांगितलं, की सोमवारी त्यांची आई बारा जणांचे लोकरी फ्लॅनेलचे युनिफॉर्म हाताने धुवायची. एकदा कुणीतरी लाल मोजे त्यातच टाकले आणि पुढचा रविवार अख्खी टीम गुलाबी कपड्यांत खेळली. नंतर अंक उघडून पाहिला. त्या मॅचच्या बातमीत रंगाचा उल्लेख नाही, पण पाहुण्यांनी 'आमच्या पोरांची थट्टा' केल्याची तक्रार आहे. ती कशाबद्दल, हे आजींशिवाय मला कधी कळलं नसतं.

कोण छापलं गेलं नाही हेही शोधा. १९२५ मध्ये २१ जूनला विचिटामध्ये मन्रोव्हियन्स या कृष्णवर्णीय टीमने कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या टीमला १०-८ ने हरवलं. कुणी पक्षपात करू नये म्हणून अंपायर कॅथलिक निवडले होते, कारण क्लॅनचा त्यांच्यावरही राग. एवढी मोठी गोष्ट, पण पुढे कित्येक वर्षं फारशी कुणाच्या बोलण्यात नव्हती. कृष्णवर्णीय टीमांसाठी त्यांचीच वर्तमानपत्रं वाचावी लागतात, उदाहरणार्थ १९१९ पासूनचा कॅन्सस सिटीचा 'कॉल'. आमच्या गावात रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या मेक्सिकन कामगारांची एक टीम होती. साप्ताहिकात तिच्यावर दोन वर्षांत मिळून एक ओळ आहे, तीही नावांशिवाय. कॅथलिक चर्चमध्ये चौकशी केल्यावर एका कुटुंबाच्या अल्बममधून नऊच्या नऊ नावं मिळाली. आमच्या 'मुख्य' टीमची एवढी पूर्ण यादी एकाही वर्षाची नाही.

मैदान कुठे होतं हे हवं असेल तर सॅनबॉर्नचे आग-विम्याचे नकाशे बघा. लाकडी बांधकाम त्यात पिवळं असतं, विटांचं गुलाबी. लाकडी ग्रँडस्टँड पिवळ्या पट्टीसारखा दिसतो. मैदान गावाबाहेर असेल तर तो भाग नकाशात येत नाही. मग शेतीखात्याने १९३० च्या दशकात काढलेले विमानातले फोटो, ते नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. गव्हाच्या शेतात तो पंख्यासारखा आकार चटकन ओळखू येतो.

टीम कधी संपली, हे वर्तमानपत्र सांगत नाही. नगरपरिषदेची इतिवृत्तं सांगतात. १९५३ च्या एका ठरावात मैदानावरचे दिव्यांचे खांब हायस्कूलच्या फुटबॉल मैदानाला द्यायचे ठरलंय. मी तेच शेवटचं वर्ष धरलं.

राहिला सॅचेल पेज. दंतकथा तपासताना आधी तो माणूस त्या दिवसांत कुठे होता ते बघा. १९३५ मध्ये पेज बिस्मार्ककडे होता. काळे-गोरे एकत्र खेळणारी ती टीम, मेजर लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन हा विसाव्या शतकातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायच्या बारा वर्षं आधीची. हॅप ड्युमाँट या क्रीडासाहित्य विकणाऱ्या गृहस्थाने त्या ऑगस्टमध्ये विचिटाला पहिली राष्ट्रीय सेमी-प्रो स्पर्धा भरवली आणि पेज यावा म्हणून १,००० डॉलर कबूल केले. पेजने चार मॅच जिंकल्या, ६० जणांना स्ट्राइकआउट केलं, बिस्मार्क अजिंक्य. म्हणजे माणूस कॅन्ससमध्ये होता, हे खरं. मी आमच्या साप्ताहिकाचे मे ते सप्टेंबर १९३५ चे सगळे अंक ओळ न ओळ वाचले, शेजारच्या दोन गावांचेही. पेज नाही. जुलैमध्ये एक फिरती टीम येऊन गेली. तिच्या उंच पिचरला आमच्या फर्स्ट बेसमनने खरंच ट्रिपल मारला. पिचरचं नुसतं आडनाव दिलंय, आणि ते पेज नाही.

ही दंतकथा मला पहिल्यांदा सांगणारे गृहस्थ त्या फर्स्ट बेसमनचे पुतणे. रोज दहा वाजता लायब्ररीत पेपर वाचायला येतात. त्यांना प्रिंट दाखवली. चष्मा वर करून त्यांनी ती पूर्ण वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "तू चुकीचं वर्ष बघितलंस," म्हणाले. "ते १९३३ असणार." आणि पंचाईत अशी की पेज १९३३ मध्येही बिस्मार्ककडून खेळला होता. त्या वर्षाचं रीळ मागवलं आहे.